आम्ही सोडलेला मासा

पाऊस लागून आज सहावा दिवस. सकाळी मी दाढी करत होतो, एका गालावर फेस, दुसरा गाल मोकळा, आणि आतल्या खोलीतून अण्णांची हाक आली, "बाळा, चढण लागली काय रे?"

माझं वय बावन्न. ऑफिसात मला सर म्हणतात, सोसायटीत सेक्रेटरीसाहेब म्हणतात, घरात बायको आणि मुलगी काहीच म्हणत नाहीत, थेट बोलायलाच सुरुवात करतात. माझे वडील मात्र अजून बाळा म्हणतात, आणि त्या हाकेला उत्तर देताना मी आपोआप चौथीत जातो. "आज बघून येतो, अण्णा," मी म्हणालो. गेले सहा दिवस रोज हेच उत्तर देतोय.

चढण म्हणजे काय, हे मुलुंडमध्ये आता समजावून सांगावं लागतं. मृगाचा पाऊस चार दिवस नीट पडला, डोंगरातून येणाऱ्या ओढ्याला तांबडा लोंढा आला, की खालच्या तलावातले, डोहातले मासे अंडी घालायला उलट्या धारेने वर निघतात. दगडावरून उड्या मारत, गवतातून सळसळत, वीतभर पाण्यातून पोट घासत. आमच्या मालवणी मुलखात त्यांना चढणीचे मासे म्हणतात. शिंगटी, मळये, खवळी, एखादी मरळ. पोटं गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, टम्म फुगलेली. वर्षातले हे चार-पाच दिवस मासे स्वतःहून माणसाच्या दारात येतात, आणि कोकणी माणूस दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवत नाही, सरळ टोपात घालतो.

अण्णा चौऱ्याऐंशी वर्षांचे. मार्चमध्ये न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून पलंगावर. गेल्या महिन्यात डॉक्टर तपासून निघाले आणि जिन्यात मला म्हणाले, "आता त्यांना आवडेल ते खाऊ घाला." आपल्याकडे या वाक्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. मी घरात येऊन अण्णांना विचारलं, काय खावंसं वाटतंय? श्रीखंड? पापलेट? ते छताकडे बघत म्हणाले, "आता माका थय चढणीक जावक गावाचा नाय. पण मराच्या आधी एकदा चढणीचो मासो खावक घाल."

पापलेट आणणं सोपं होतं.

*

आमच्या सगळ्या नातेवाइकांनी मुंबईत खोल्या घेतल्या त्या स्टेशन बघून. अण्णांनी व्हाळ, म्हणजे ओढा, बघून घेतली. गिरणी बंद पडल्यावर लालबागची जागा सोडून ते पूर्ण मुलुंड पालथं घालत होते आणि डोंगराच्या पायथ्याशी, चाळीच्या मागून, त्यांना खळखळ ऐकू आली. ते आत खोली बघायला गेलेच नाहीत. मागे जाऊन पाण्यात पाय घालून बसले आणि तिथूनच ओरडून आईला म्हणाले, "घेतली!" आईने हे त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. कारण खोलीत नळ नव्हता.

ओढ्याला इकडचे लोक नाला म्हणतात. अण्णांनी तो शब्द तोंडाला कधी लावला नाही. ते व्हाळ म्हणत, आणि तो व्हाळ म्हणण्यासारखा होताही. दगडांवर शेवाळ, काठाला उंबर, उंबरावर खंड्या, आणि उन्हाळ्यात डोहात इतकं स्वच्छ पाणी, की तळातली मळये दगडाला चिकटून शेपट्या हलवताना दिसायची. तिथून खाली व्हाळ तलावाला मिळायचा.

मासे नेमके कुठून चढतात हे अण्णांना बारकूने दाखवलं. बारकू पाड्यावरचा वारली. व्हाळाच्या काठाला त्याचं भाताचं खाचर होतं आणि चढणीच्या दिवसांत बांधाला भोक पाडून तो त्यात बांबूचा सापळा लावून बसायचा. अण्णा आणि तो शेजारी शेजारी बसत. दोघांना एकमेकांची भाषा निम्मीच कळायची, पण उरलेलं मासे भाषांतर करत असावेत. पुढे बारकूचं खाचर गेलं, आमची चाळही पाडली. आज आमची सात मजली इमारत उभी आहे, ती त्याच खाचरावर. हे लिहिताना मला जरा अवघडल्यासारखं होतं, म्हणून लवकर पुढे जातो.

चढणीच्या दिवशी आमच्या घरात शाळा बुडवायची अधिकृत परवानगी होती. अण्णांचं सामान म्हणजे एक जुनी मच्छरदाणी, दोन बांबू आणि आईची तांदूळ धुवायची रोवळी. ती रोवळी ते चोरून न्यायचे. "रोवळेक हात लावलात तर बघा," असं आई दरवर्षी सांगायची, आणि दरवर्षी तिच्या भाताला दोन दिवस माशांचा वास यायचा. मी मच्छरदाणीचं एक टोक धरायचो. माझं कौशल्य तेवढंच. एकदा मी टोक सोडून शिंकलो, तेव्हा हातभर लांबीची मरळ निसटली. ती मरळ अण्णा अजून दरवर्षी दोन बोटांनी वाढवून सांगतात. सध्या ती माझ्या कमरेपर्यंत आलीय.

आणि एक नियम होता. पहिला मासा ठेवायचा नाही. रोवळीत पहिला जो येईल, मग तो केवढा का असेना, अण्णा त्याला ओंजळीत घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि वरच्या अंगाला, धारेपलीकडे सोडायचे. "पयलो व्हाळाचो, मगे आपलो," असं म्हणायचे. आणि मासा हातातून सुटता सुटता, सासरी चाललेल्या लेकीला सांगावं तसं, "जा. पोरांबाळांका घेवन ये."

एरवी देवळात हात जोडायलाही कंटाळणारा माणूस. पण हे चुकवलं नाही कधी. मी लहानपणी समजायचो की मासे अण्णांचं ऐकतात, म्हणूनच दरवर्षी येतात.

घरी आई राख घेऊन तयार असायची. शिंगटीला खवलं नसतात, अंग बुळबुळीत, राखेत चोळल्याशिवाय ती हातात थांबत नाही. मग सोलं, तिरफळं, लाल वाटण, आणि गाबोळी मात्र वेगळी, तव्यावर, नुसत्या मीठ-हळदीवर. तिचे दाणे दाताखाली फुटायचे. बाहेर पाऊस, दारात बारकू आपला वाटा केळीच्या पानात बांधून निघालेला, आणि आई माझ्या ताटात दुसरा तुकडा टाकत म्हणायची, "काटे बघून खा रे, तुझ्या बापाशीसारखो बोलत बोलत खाव नको."

*

आता काळूबद्दल सांगायला हवं. मी ते बराच वेळ टाळतोय, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

सई, माझी मुलगी, सात वर्षांची झाली तेव्हा तिला वाढदिवसाला काचेची टाकी आणली. चार गोल्डफिश, प्लॅस्टिकची झाडं आणि बुडबुडे सोडणारा एक पाणबुड्या. दुकानदाराने वर एक काळपट, ठिपक्याठिपक्यांचा, बोटाएवढा मासा फुकट दिला. तोंड खाली, पोटाच्या बाजूला, काचेला लावलं की चिकटून बसायचा. "हा सकर. काचेवरचं शेवाळ खाऊन टाकी साफ ठेवतो. याला वेगळं खायला घालायला नको, याच्याकडे बघायलाही नको," दुकानदार म्हणाला. मला तो ताबडतोब आवडला. घरातल्या माझ्या जागेशी त्याचं साम्य होतं.

गोल्डफिश दिवाळीपर्यंत एकेक करून गेले. प्रत्येकाला सईने कुंडीत पुरलं आणि प्रत्येक वेळी आमच्या घरी वरण-भात झाला. सकर राहिला. सईने त्याचं नाव काळू ठेवलं. टाकीचं पाणी बदलायचं राहिलं, तो जगला. आम्ही गणपतीला आठवडाभर गावी गेलो, खायला घालायला कोणी नव्हतं, तो जगला, वर दोन बोटं वाढला. दोन वर्षांत तो माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत झाला. टाकीत त्याला वळायचं तर शेपूट दुमडून वळावं लागायचं. कडक उन्हाच्या दिवशी तो धपकन शेपूट मारायचा आणि सोफ्यावर पाणी.

"अहो, एक तर याला काढा नाहीतर मला," माझी बायको मेधा म्हणाली. मी विचार करायला वेळ मागितला, ते तिला आवडलं नाही.

दुकानदार परत घेईना. "एवढा मोठा कोण घेणार, साहेब? टॉयलेटमध्ये टाकून द्या." मी हे घरी येऊन सांगितलं आणि अण्णा खुर्चीतून उठलेच. "जित्या जिवाक मोरयेत टाकतंस? व्हाळ काय मेलो?"

तेव्हा आम्हा सगळ्यांना हा उपाय इतका सरळ, इतका सुंदर वाटला! रविवार होता. पाऊस लागलेला. काळूला पिवळ्या बादलीत घातलं, सईने बादलीत दोन झेंडूच्या पाकळ्या टाकल्या, आणि मी, अण्णा, सई असे तिघे निघालो. जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे पाटकर भेटले. "कुठे निघाली वरात?" त्यांनी विचारलं. सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "थांबा हां, दोन मिनिटं!" आणि ते आतून आपले दोन सकर घेऊन आले. तेही केव्हापासून याच विवंचनेत होते. त्या काळात आमच्या सोसायटीत फिशटँकची साथ होती, आणि प्रत्येक घरात टाकी साफ करणारा एकेक काळू वाढत होता. पुढच्या महिनाभरात आमचा कित्ता निम्म्या इमारतीने गिरवला. मी सेक्रेटरी म्हणून निवडून आलो तो त्याच वर्षी.

व्हाळावर अण्णांनी काळूला दोन्ही हातांनी उचललं. तो खरखरीत होता, अंगावर चिलखतासारखी कडक कवचं, परांना काटे. अण्णांच्या तळव्याला ओरखडा आला. तरी त्यांनी त्याला कपाळाला लावलं, वरच्या अंगाला, धारेपलीकडे नेऊन सोडलं, आणि सवयीने म्हणाले, "जा. पोरांबाळांका घेवन ये."

सईने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

*

देव अनेकदा ऐकत नाही, असं लोक म्हणतात. ऐकतो तेव्हा काय होतं, हे मी पाहिलंय.

तीन वर्षांनी चढणीच्या दिवशी रोवळीत एक सकर आला. अण्णांचा आनंद काय सांगू! "आमचो काळू! बघ रे, केवढो झालो मेलो!" त्यांनी त्याला ओळखल्यासारखं थोपटलं आणि परत पाण्यात सोडलं. त्या वर्षी मासे जरा कमी होते, पण पाऊसही कमी होता. पुढच्या वर्षी सकर चार आले. त्याच्या पुढच्या वर्षी मच्छरदाणी फाटली. ते काटे जाळीत अडकले की जाळी सोडवता येत नाही, कापावीच लागते. व्हाळाच्या काठाला हात जाईल एवढी बिळं दिसू लागली. मी समजलो खेकडे. अण्णाही समजले खेकडे, आणि आम्ही खूश झालो, की चला, खेकडे वाढले! बिळात हात घातला तर सकर. तिथे ते घरटी करतात. दोन पावसाळ्यांत काठ ढासळला, उंबर कलंडला आणि एक दिवस आडवा झाला. खंड्या त्यानंतर मला दिसला नाही. कदाचित मी नीट पाहिलं नसेल. असं म्हणायची सोय मी ठेवलीय.

सई तोवर कॉलेजात गेली होती. एका सकाळी ती तलावावर फिरायला गेली आणि तासाभरात परत आली, चपला हातात, चेहरा उतरलेला. तलावाच्या पायरीवर पाणकावळा मरून पडला होता. चोच उघडी, आणि चोचीतून माशाची शेपटी बाहेर. सकर गिळायला गेला असावा. गळ्यात गेल्यावर त्या माशाने आपले काटे ताठ उभे केले असतील. मग ना आत, ना बाहेर. "आणि बाबा," ती म्हणाली, "मासा जिवंत होता."

त्या दिवशी ती फोनवर वाचत बसली. हा मासा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. दगडावरचं शेवाळ खरवडून खातो, आणि त्या शेवाळात दुसऱ्या माशांनी चिकटवलेली अंडी असली तर तीही. घाण पाण्यात जगतो, कमी पाण्यात जगतो, पाण्याबाहेर तास न् तास जगतो. तिकडे त्याला खाणारे आहेत. इकडे कोणी नाही.

"बाबा, हे आपण केलंय."

"अगं, एका माशाने काय होतंय?" मी म्हणालो. विम्याच्या ऑफिसात तीस वर्षं काढल्यावर माणूस जबाबदारी झटकायला झोपेतही तयार असतो.

"प्रत्येकाचा एकच होता, बाबा."

मग आम्ही दोघांनी एक ठरवलं, न बोलता. अण्णांना सांगायचं नाही. या माणसाने आयुष्यात एक धर्म पाळला, पहिला मासा सोडायचा. त्याच हाताने त्याने व्हाळ मारला, हे त्याला कशाला कळायला हवं? तोवर त्यांचे गुडघे गेले होते, व्हाळावर जाणं सुटलं होतं. "मासे कमी झालेत, अण्णा, घाण पाणी सोडतात ना वरून," असं मी सांगायचो. ते खोटं नव्हतं. सोसायट्यांचं सांडपाणी येतंच त्यात. पण अर्धं खरं बोलणं हे पूर्ण खोट्यापेक्षा जास्त कामाचं असतं, हेही मी ऑफिसातच शिकलो.

*

मी काहीच केलं नाही असं नाही. माझ्या परीने, म्हणजे हास्यास्पद होईल इतपत, केलं.

आधी वाटलं, मालवणी माणूस आहोत, खाऊन संपवू. जगात जे चवीला चांगलं लागतं ते शिल्लक राहत नाही, हा आपला अनुभव. एक सकर घरी आणला. मेधाने विळी घेतली. विळी सरकेना. कोयता घेतला. कोयत्याचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरून विचारणा झाली, फरशी फोडताय का? अर्ध्या तासाने कवच फुटलं तर आत चिमूटभर मांस, आणि त्याला गटाराचा वास. मालवणी माणसाने एखाद्या माशापुढे हात टेकले, असं आमच्या घराण्यात पहिल्यांदाच घडलं. मेधा म्हणाली, "सोडताना तिघं होतात, कापताना मी एकटी."

मग दर रविवारी नवी जाळी घेऊन जायला लागलो. सकर काढायचे आणि काठावर टाकायचे. काढले की ते तिथे पडून राहायचे, तोंडाची गोल चकती उघडत मिटत. दगड घालून मारायला हवं होतं. मी दगड उचलायचो, त्यांच्या बारीक डोळ्यांकडे बघायचो आणि दगड खाली ठेवायचो. त्यांचा काय दोष? त्यांना कोणी विचारलं होतं का, मुलुंडला येता का म्हणून? दुसऱ्या रविवारी गेलो तर काठावर दोनच वाळलेले. बाकीचे रात्रीच्या पावसात सरपटत परत गेले होते. असा मी चार महिने खपलो आणि चार महिन्यांनी व्हाळात मला पाण्यापेक्षा पाठीच जास्त दिसायला लागल्या.

गेल्या वर्षी तर मी अण्णांना फसवायलाही गेलो. घाटकोपरच्या बाजारात मासळीवालीकडे चढणीचे मासे मागितले. ती टोपलीवरची माशी हाकलत हसली. "चढणीचे? दादा, कुठल्या जमान्यातनं आलास? ही चिलापी घे, ताजी आहे, टण टण उडत होती सकाळी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुला गावले ना कुठे, तर मलापण आण चार. माझ्या म्हातारीला पाहिजेत." चिलापीही बाहेरचीच, आफ्रिकेतली, कोणीतरी चांगल्या हेतूनेच आणून तळ्यांत सोडलेली. मी ती घेतली. घरी तिरफळं घालून केली. अण्णांनी एक घास खाल्ला, जरा चावला, माझ्याकडे बघितलं.

"ह्येना जन्मात चढण बघूक नाय," ते म्हणाले. आणि मला वाईट वाटू नये म्हणून सगळा मासा संपवला.

एकदा गप्पांत मी त्यांना म्हणालो होतो, की अण्णा, आपण तरी कोण? आपणही बाहेरूनच आलो की इथे. ते चिडले होते. "आमी येवन कोणाची अंडी खाल्लव?" मग खिडकीतून खालच्या पार्किंगकडे बघत म्हणाले, "बारक्याचा खाचर हयच हुता, नाय?"

*

तर आज मी ऑफिसला दांडी मारली. एक गाल गुळगुळीत, एक तसाच, अशा अवतारात जाळं आणि बादली घेऊन निघालो. निघताना अण्णांनी जवळ बोलावून सांगितलं, "खाली बघू नको. वर जा, डोंगराकडल्या भिंतीच्या कडेन, मोठो खडप आसा थय. धार दोनीकडे फुटता. उजव्या धारेक लाव." पाच-सहा वर्षं त्यांनी ती जागा पाहिली नाही, पण धार कुठे फुटते ते त्यांना पाठ.

खडक होता. धारही फुटत होती, उजवीकडची जरा बारीक. दोन्ही काठांना घाणेरीचं रान माजलेलं, तिच्या काट्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्या. पाणी तांबडं, गढूळ, अगदी चढणीचं. वास मात्र साबणाचा. मी जाळं लावलं आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. पाठीत कळ, चष्म्यावर पाणी. आई असती तर म्हणाली असती, "मासो गावतलो तेव्हा गावतलो, ह्येका आधी भायेर काढा."

पहिल्या ओढीला तीन सकर. दुसऱ्या ओढीला पाच. तिसऱ्यांदा जाळं सोडवतच बसलो. पावसाच्या पाण्याने चढायची हाक तीच, पण हाकेला आता हेच येतात. दोन तास असे गेले. मी मनाशी वाक्य जुळवायला लागलो होतो, अण्णांना काय सांगायचं त्याचं, आणि तेवढ्यात जाळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी वेगळं हललं. काळपट, तांबूस, सडपातळ. मिशा. मी हात घातला, कशाला घातला कुणास ठाऊक, चाळीस वर्षांचा अनुभव असून, आणि अंगठ्यात विजेसारखी कळ गेली. शिंगटीचा काटा! ती कळ खांद्यापर्यंत चढली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या पाण्यात उभा राहून एकटाच मोठ्याने हसलो.

तिला बादलीत घेतलं. वीतभर लांब. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं, कातडी ताणून पिवळसर झालेली. भरलेली मादी. मग मी वेड्यासारखं जाळं ओढलं. वर, खाली, डाव्या धारेत, खडकाच्या कपारीत. म्हटलं, एक आहे म्हणजे दुसरी असेल, नर असेल, कोणी तरी असेल. आणखी तासभर. अंगठा सुजून दुप्पट झाला. सकर निघत राहिले.

मग मी खडकावर बसलो, बादली मांडीशी. ती तळाशी फिरत होती, मधेच वर येऊन हवा घेत होती. तोंड टेकवून एक घोट, परत खाली. घरी एक म्हातारा माणूस सहा दिवस वाट बघतोय. त्याने आयुष्यात माझ्याकडे फार मागितलेलं नाही. मेधाने वाटण करून ठेवलं असेल. आणि ही इथे, पोटात एवढी अंडी घेऊन, डोंगराच्या दिशेने चढायला निघालेली. सोडली तर अंडी घालेल दगडाला, गवताला, आणि कोण टिपतंय ते मला माहीत होतं. नेली तर तव्यावर जाईल. मी अर्धा तास विचार केला असं लिहिलं तर बरं दिसेल. खरं म्हणजे विचार करायचं धाडस झालं नाही. मी उठलो, तिला धारेपलीकडे, वर, जिथवर हात पोचला तिथे सोडलं. काही बोललो नाही. ती गढूळ पाण्यात क्षणात दिसेनाशी झाली.

घरी आलो तेव्हा अण्णा उशाला टेकून जागे होते.

"नाही मिळालं काही," मी दारातूनच म्हणालो. "चढणच नाही लागली अजून."

"हय ये. अंगठो दाखय."

मी हात मागे घेतला होता, पण चौथीतला मुलगा कितीसं लपवणार? त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला, सुजलेल्या अंगठ्यावरून बोट फिरवलं.

"शिंगटीन मारलान."

"हो."

"एकच?"

"एकच."

"आणि बाकीचे? सगळे आपलेच?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. स्वयंपाकघरातून मेधाच्या हातातलं भांडं थांबल्याचं ऐकू आलं. सईला आणि मला वाटत होतं आम्ही त्यांच्यापासून लपवतोय. किती वर्षं ते आमच्यापासून लपवत होते?

"आपलेच," मी म्हणालो.

ते बराच वेळ माझा अंगठा दाबत राहिले. कळ अजून जात नव्हती.

"सोडलंस तिका?"

"सोडली. पोट भरलेलं होतं, अण्णा. अंडी होती."

"दुसरी नाय दिसली? बारीकशी? नर?"

"खूप बघितलं. नाही दिसली."

त्यांनी माझा हात सोडला आणि मान भिंतीकडे वळवली.

"मगे आणूची हुतीस रे," अण्णा म्हणाले. "एकटी काय करतली ती थय?"